दुधाच्या वहीत कोणाचे नाव?

पहाटे उठून गोठा झाडते ती बाई. गवताचा भारा डोक्यावरून आणते ती बाई. वासराला आधी पाजून मग धार काढते तीही बाईच. आणि महिनाअखेरी दुधाचा हिशेब करून पैसे खिशात टाकतो तो मात्र घरधनी! हे चित्र महाराष्ट्रातल्या एखाद्या खेड्याचे आहे असे म्हणून आम्हाला बाजूला होता आले असते, परंतु आपल्या बेटावरच्या मराठी घरांतूनही ते पुष्कळांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेले आहे.

दोन पिढ्यांपूर्वी वाक्वापासून कास्कावेलपर्यंत आपल्या लोकांच्या घरामागे एखाददुसरी गाय असेच. इस्टेटीवरचे काम आटोपून आजी घरी येई ती रिकाम्या हाताने कधी येत नसे. डोक्यावर उसाच्या वाढ्यांचा नाहीतर रस्त्याकडेच्या गवताचा भारा असे, आणि कमरेला विळा खोचलेला. सायकलच्या मागे डबे बांधून दूधवाला दारात येई. त्या दुधाच्या पैशावर मुलांची शाळेची पुस्तके आली, मुलींची लग्ने झाली, कित्येकांनी तर घराखालची जागाही घेतली. तरी त्या आजीला कोणी 'दुग्धव्यावसायिक' म्हटले नाही. सरकारी कागदावर तिचा धंदा लिहायची वेळ आली तर 'घरकाम' एवढेच लिहिले जाई.

आज तो गोठा गेला. त्याच्या जागी मोटार उभी राहते, आणि चहात पडते ती बहुधा परदेशातून आलेली डब्यातली भुकटी. याला दोष तरी कोणाला द्यावा? मळ्यांच्या जागी वस्त्या उठल्या, शेजाऱ्याला शेणाचा वास नको झाला, यंत्राने ऊस कापला की वाढे तुकडे होऊन शेतातच राहतात, आणि शिकलेल्या मुलामुलींना पहाटे चारला उठणे परवडत नाही. त्यातून २०१६ साली रॉड्रिग्ज आणि मॉरिशस दोन्हीकडे लाळ्या-खुरकुताची साथ आली, तेव्हा उरलेसुरले गुरेवालेही धास्तावले.

मग हा विषय आम्ही आज का काढला? कारण ज्या कामाला आपल्या आजीच्या हयातीत नाव मिळाले नाही, त्याच कामात भारतातल्या बायका आज आपले नाव, आपले खाते आणि आपली डेअरी उभी करीत आहेत. ही हकिकत आपल्या घरातल्या लेकीसुनांना ठाऊक असावी असे आम्हाला वाटते.

आणंदची सोसायटी आणि अंगठा

भारतातल्या दुधाच्या चळवळीची सुरुवात सर्वांना माहीत आहे. गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांचे दूध एका खासगी कंपनीच्या मक्त्यात अडकले होते. १९४६ साली त्यांनी दूध घालणेच बंद केले आणि त्यातून त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकाराने सहकारी संघ निघाला. १९४९ मध्ये तरुण इंजिनिअर व्हर्गिस कुरियन आणंदला आले. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही असे परदेशी तज्ज्ञ सांगत असताना एच. एम. दलाया यांनी ती करून दाखविली, आणि १९५५ मध्ये आणंदला भुकटीचा कारखाना सुरू झाला. पुढे १९६५ मध्ये राष्ट्रीय डेअरी विकास मंडळ, १९७० ते १९९६ 'ऑपरेशन फ्लड', आणि आणंदची पद्धत देशभर. हे सगळे पुस्तकांतून येते.

पुस्तकांतून फारसे येत नाही ते असे, की सोसायटीत सभासदत्व एका घरातून एकालाच. तो एक कोण? ज्याच्या नावावर जमीन, ज्याच्या नावावर घर, तो. म्हणजे पुरुष. दूध घेऊन सोसायटीच्या दाराशी रांगेत उभी राहणारी बहुतेक बाई, आणि वार्षिक सभेत हात वर करणारा बहुतेक बुवा. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. सुरुवातीच्या काळात आणंदकडे सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळी आणि संध्याकाळच्या दुधाचे दुसऱ्या दिवशी सकाळी रोख हातात मिळत. रांगेत बाई उभी, तर पैसा तिच्या हातात. मीठमिरचीला, पोराच्या औषधाला तिला कोणाकडे हात पसरावा लागत नसे. कागदावर नाव नसले तरी पदराच्या गाठीला काहीतरी होते.

पुढे पैसे बँकेच्या खात्यात जाऊ लागले. चोख हिशेबाच्या दृष्टीने हे उत्तमच झाले. परंतु खाते कोणाच्या नावाचे, हा प्रश्न त्याच दिवशी मोठा झाला. ज्या घरात सभासद नवरा, त्या घरात पदराची गाठ सुटली. आधुनिकता म्हणजे नुसते यंत्र नव्हे, हे इथे लक्षात येते.

श्याम बेनेगल यांचा 'मंथन' हा चित्रपट आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असेल. तो १९७६ साली आला. गुजरातेतल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो काढला होता, आणि त्याची पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. त्यात स्मिता पाटील यांनी केलेली बिंदू ही दूध घालणारी बाई तोंडाची फटकळ आणि मनाची सरळ. आणि तिच्याच हातून, कागदावर काय लिहिले आहे हे कळू न देता, अंगठा उठवून घेतला जातो. २०२४ मध्ये हा चित्रपट दुरुस्त करून कान येथील महोत्सवात पुन्हा दाखविला गेला. पाहून उठलेल्यांनी त्या अंगठ्याचा विचार केला असेल का, असे आमच्या मनात आले.

मुलकनूरच्या बायका

त्या अंगठ्याचे उत्तर आम्हाला सापडते ते तेलंगणात. करीमनगर जिल्ह्यात (आता तो भाग हनमकोंडा जिल्ह्यात येतो) मुलकनूर नावाचे गाव आहे. तिथे १९५६ पासून एक नामांकित सहकारी सोसायटी आहे. १९९० च्या दशकात तिच्या आसपासच्या गावांत बायकांनी बचत मंडळे काढली. दर महिन्याला थोडे थोडे पैसे टाकायचे, त्यातूनच एकमेकींना कर्ज द्यायचे, वसूलही आपणच करायचे. हैदराबादच्या एका सहकार-संस्थेने हिशेब ठेवण्याचे शिक्षण दिले. पैसा मात्र सगळा बायकांचा.

कर्ज घेऊन बायका काय करीत? म्हैस घेत. म्हैस आली, दूध आले, आणि ते दूध मधल्या दलालाच्या मापात गेले. माप त्याचे, भाव त्याचा, आणि हिशेबही तो म्हणेल तो. तेव्हा या बायकांनी ठरविले की डेअरी आपणच काढू. हसणारे पुष्कळ निघाले असतील. गावोगावी ते असतातच. पण आंध्रात १९९५ साली असा कायदा झाला होता की सरकारी भागभांडवल न घेता, म्हणून सरकारी हुकमतही न घेता, लोकांना स्वतःची सहकारी संस्था चालविता यावी. त्या कायद्याखाली, राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाकडून कर्ज घेऊन (देणगी नव्हे, कर्ज) २००० सालच्या ऑगस्टमध्ये त्यांचा दूध संघ सुरू झाला. दुधाच्या पिशवीवर नाव घातले 'स्वकृषी'.

या डेअरीत नोकरीला पुरुष आहेत. व्यवस्थापकही पुरुष असू शकतो. परंतु सभासद बाई, गावच्या सोसायटीची अध्यक्ष बाई, आणि संचालक मंडळावर साऱ्या बायका. म्हणजे व्यवस्थापकाने हिशेब मांडायचा तो यांच्यापुढे. दुधाचा भाव काय द्यायचा, नफ्यातला किती भाग बोनस म्हणून वाटायचा आणि किती यंत्रासाठी राखायचा, हे त्या ठरवितात. यातल्या कितीतरी जणी अंगठ्यावरून सहीवर आल्या त्या बचत मंडळाच्या वहीमुळे. आता दोन दशकांहून अधिक काळ हे चालू आहे. उद्घाटनाला फीत कापून फोटो काढणे सोपे असते. वीस वर्षे दुधाचे पैसे वेळेवर देणे ही निराळी गोष्ट.

दुसरे उदाहरण तिरुपतीचे. 'श्रीजा' ही दूध उत्पादक बायकांची कंपनी २०१४ साली अवघ्या २७ बायकांनी सुरू झाली. आज तिच्या भागधारक एक लाखाहून अधिक आहेत आणि सगळ्या बायका. गावात दूध यंत्रावर मोजले जाते, त्यातली स्निग्धता तिथल्या तिथे कळते, पावती हातात मिळते, आणि पैसे तिच्याच खात्यात जमा होतात. या कंपनीला २०२३ मध्ये शिकागोच्या जागतिक डेअरी परिषदेत बायकांच्या सबलीकरणाबद्दल पुरस्कार मिळाला. आम्हाला पुरस्कारापेक्षा पावतीचे महत्त्व अधिक वाटते. ज्या बाईच्या दुधात पाणी आहे असे नुसत्या बोटाने तपासून कोणी सांगत असे, तिला आता आकडा दाखवावा लागतो.

दिल्लीजवळ २०२२ च्या सप्टेंबरात भरलेल्या जागतिक डेअरी परिषदेत भारताच्या पंतप्रधानांनी सांगितले की या धंद्यातल्या कष्टकऱ्यांत सत्तर टक्के बायका आहेत आणि सहकारी संस्थांच्या सभासदांत एक तृतीयांशाहून अधिक. हे आनंदाने सांगितले गेले, आणि आनंदाचे आहेही. पण दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. सत्तर जणी राबतात, आणि वहीत नाव पस्तीस-चाळीस जणींचे. मधल्या बायका कोठे गेल्या? त्या अजून गोठ्यातच आहेत.

डॉक्टरीण आणि मालकीण

वरच्या खुर्चीवर बाई बसण्याचे उदाहरणही याच धंद्यात आहे. डॉ. अमृता पटेल या मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून शिकून १९६५ मध्ये आणंदला कामाला लागल्या. गुरांचा डॉक्टर म्हणजे दणकट पुरुष, असे समजण्याचा तो काळ. गाईच्या पोटात हात घालणारी मुलगी पाहून त्या वेळी गावकऱ्यांनी काय म्हटले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी! १९९८ मध्ये कुरियन यांच्यानंतर त्या राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाच्या अध्यक्षा झाल्या आणि २०१४ पर्यंत त्या पदावर होत्या. सरकारने २००१ मध्ये त्यांना पद्मभूषण दिले.

परंतु कोणी म्हणेल की त्या मोठ्या घरच्या, शिकलेल्या. तर मग गुजरातेतल्या बनासकांठा जिल्ह्याच्या नगाणा गावच्या नवलबेन चौधरींचे पाहा. साठी उलटलेल्या या बाईंनी २०२० साली ८० म्हशी आणि ४५ गाई सांभाळून सुमारे एक कोटी दहा लाख रुपयांचे दूध घातले. वृत्तपत्रांनी 'कोट्यधीश' म्हणून मथळे दिले. आमचे इथे थोडे निराळे मत आहे. एक कोटी हा विक्रीचा आकडा आहे, नफ्याचा नव्हे. दुधाच्या धंद्यात खर्चाच्या शंभर रुपयांतले साठ-सत्तर रुपये नुसत्या चाऱ्यात आणि खुराकात जातात. उरलेल्यात मजुरी, औषधे, वीज. या बाईंचे खरे कौतुक हे, की सव्वाशे जनावरांचा हा हिशेब त्या रोज सांभाळतात.

आणि आपल्या महाराष्ट्रातलेच म्हणाल, तर अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात निघोज गावच्या एका मुलीची हकिकत अलीकडे पुष्कळ छापून आली. वडील अपंग, घरी एखादी म्हैस. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी ती म्हशींच्या खरेदीविक्रीत लक्ष घालू लागली, मोटारसायकलवर दुधाचे कॅन बांधून पोहोचवू लागली, आणि शिकता शिकता तिने म्हशींसाठी दुमजली गोठा उभा केला. ऐंशीच्या घरात म्हशी. गावात मोटारसायकलवर दूध नेणारी मुलगी याआधी कोणी पाहिली नव्हती. असे ज्यांना विचित्र वाटले, ते आता तिच्याकडे गोठा पाहायला येतात.

गोठ्यातले नवे शास्त्र

आधुनिक गोठा म्हणजे काय, हे आपल्या जुन्या गोठ्याची आठवण असणाऱ्यांना सांगायला आम्हाला गंमत वाटते. पहिला बदल म्हणजे दावे सुटले. 'मुक्तसंचार' गोठ्यात गाईला बांधून ठेवीत नाहीत. कुंपण घातलेल्या आवारात ती मोकळी फिरते, हवे तेव्हा पाणी पिते, हवे तेव्हा बसते. यात बाईचे काम किती वाचते पाहा. दर जनावराला सोडा, पाण्यावर न्या, परत बांधा, शेण दिवसातून चारदा उचला, हे सारे कमी झाले. दुसरा बदल म्हणजे मुरघास. हिरवा मका किंवा इतर वैरण कापून, कुट्टी करून, दाबून, हवा लागणार नाही अशी खड्ड्यात किंवा मोठ्या पिशवीत बंद करून ठेवायची. दीड-दोन महिन्यांत ती आंबून टिकाऊ होते. मग रोज विळा घेऊन रानात धावणे नको. ज्या भाऱ्याने आपल्या आजीची मान वाकली, त्या भाऱ्याचा हा पर्याय.

तिसरा बदल पैदाशीचा. कृत्रिम रेतनाची सोय महाराष्ट्रात दारापर्यंत नेण्यात उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये काढलेल्या 'बाएफ' संस्थेचा वाटा मोठा आहे. आता तर बहुतांशी कालवडीच जन्माला याव्यात असे निवडक वीर्यही मिळते. परंतु सगळे शास्त्र एका गोष्टीवर अडते: गाय माजावर आली हे वेळेत ओळखायला हवे. तिची वेळ तासांवर असते, आणि ती चुकली की तीन आठवडे गेले. हे ओळखते कोण? जी तिला सकाळ-संध्याकाळ पाहते ती. गाय हंबरली कशी, दूध अर्धा लिटर कमी का झाले, कास एका बाजूने गरम का लागते, हे बाईच्या हाताला आधी कळते. म्हणूनच भारतात आता गावोगावच्या बायकांना 'पशुसखी' म्हणून शिकवितात. लसीकरणाला मदत, प्रथमोपचार, खुराकाचा सल्ला ही त्यांची कामे. जे ज्ञान फुकट समजले जात होते त्याला आता मेहनताना मिळू लागला आहे. थोडा आहे, पण आहे.

एक गोष्ट आपल्या बेटासाठी मुद्दाम सांगतो. उसाचे वाढे हा महाराष्ट्रातल्या साखर पट्ट्यात आणि आपल्याकडेही गुरांचा मोठा आधार. परंतु वाढ्यांत ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य असते. ते जनावराच्या अंगातले कॅल्शियम बांधून टाकते. नुसत्या वाढ्यांवर ठेवलेली दुभती गाय हळूहळू हाडाने खंगते, गाभण राहत नाही. त्यावर महाराष्ट्रातले पशुवैद्य साधा उपाय सांगतात: वाढ्यांची कुट्टी करून तीवर चुन्याची निवळी शिंपडावी, सोबत दुसरी हिरवी-कोरडी वैरण आणि खनिज मिश्रण द्यावे. आपल्याकडच्या त्या पांढऱ्या, बिनशिंगी क्रेओल गाईला वाढ्यांवर वाढविणाऱ्या आज्यांना ऑक्झॅलेट शब्द ठाऊक नव्हता. तरी कित्येकजणी नुसते वाढे कधी टाकीत नसत, बांधावरचे चार प्रकारचे गवत त्यात मिसळीत. का म्हणून विचारले तर "गाईला कंटाळा येतो" असे सांगत.

महाराष्ट्रात वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते. औक्षण करते ती बाई. परंतु गाय विकायचे ठरते तेव्हा तिला विचारलेच जाते असे नाही. मुलकनूरच्या डेअरीत आणि तिरुपतीच्या कंपनीत नेमके हेच बदलले आहे. कर्ज तिच्या नावाचे, म्हणून म्हैस तिची. म्हैस तिची, म्हणून विकायची की ठेवायची हे तिला विचारल्याशिवाय होत नाही. नवरे यावर रुसले असतील. पण दर दहा-पंधरा दिवसांनी खात्यात पैसे येऊ लागले की रुसवा फार टिकत नाही, हेही जगाच्या पाठीवर सगळीकडे सारखेच.

आपल्या बेटावर पुन्हा घरोघरी गाय येईल असे आम्ही म्हणत नाही. ती येणार नाही. पण अजून थोडी कुटुंबे आहेत जी पाच-दहा जनावरे ठेवून ताजे दूध, दही, पनीर विकतात, आणि त्यांतल्या काही गोठ्यांत सुना आणि मुली काम पाहतात. त्या घरांना आमचा एकच प्रश्न आहे. जनावरांची सरकार-दरबारी नोंद, कर्जाचा अर्ज, बँकेचे खाते, यांपैकी किती ठिकाणी तिचे नाव आहे? नसेल तर पुढच्या वेळी फॉर्म भरताना ती जागा मोकळी सोडू नये.

आणि ज्यांच्याकडे आता गोठा नाही पण आठवण आहे, त्यांनी आम्हाला लिहावे. आजी गाईला कोणत्या नावाने हाक मारी, गवत कोठून आणी, दूध कोण नेई, पैसे कोण ठेवी, व्याल्यावर खरवस कोणाकोणाच्या घरी जाई. मराठीत लिहिता येत नसेल तर घरातल्या मुलांकडून लिहवून घ्यावे, किंवा क्रेओलमध्ये सांगावे. आम्ही मराठीत करून घेऊ. जमेल तेवढ्या आठवणी याच पानावर छापू, आणि प्रत्येकीखाली त्या आजीचे पूर्ण नाव देऊ.